बाई, माझा नंबर कधी?

प्राथमिक शाळेत संगीत शिकवायला लागले तेव्हा वर्गात एकच पेटी होती, आणि ती मी वाजवायची. मुलं गायची, टाळ्या धरायची, मांडीवर ताल द्यायची. तास 35 मिनिटांचा, मुलं 36. हजेरी आणि बसण्या-उठण्यातला वेळ धरलाच नाही तरी पेटीचं एक मिनिटसुद्धा एकेकाच्या वाट्याला येत नव्हतं. म्हणून मी पटावरच्या क्रमानं दर तासाला चार मुलांना पेटीजवळ बोलवायचे. आठवड्याला एकच तास, म्हणजे प्रत्येकाचा नंबर नऊ आठवड्यांनी यायचा.

तिसरीतली एक मुलगी दारातच विचारायची, "बाई, आज माझा नंबर आहे?" अखेर तो आला तेव्हा तिनं एकच पट्टी दाबली आणि दाबूनच धरली. डाव्या हातानं भाता मारायचं ती विसरली, हवा संपत गेली, सूर बारीक होत होत थांबला. तिनं पट्टी सोडली नाही. मान वाकवून ती पट्टीखालच्या फटीत बघत राहिली. तिला गाणं वाजवायचं नव्हतंच, तो आवाज कुठून येतो ते बघायचं होतं. मागे तीन मुलं उभी होती. मी तिला "चल, पुढचा" म्हटलं. ते "चल, पुढचा" माझ्या मनातून बरेच दिवस गेलं नाही.

वाद्यं मागायचं त्यानंतर ठरवलं. मुख्याध्यापकांनी लगेच परवानगी दिली. मी पालकांना आणि ओळखीपाळखीच्या लोकांना एक पत्र लिहिलं: घरात वापराविना पडलेलं कोणतंही वाद्य असेल तर शाळेला द्या, मुलं वाजवतील.

"कोणतंही" हा शब्द मी घालायला नको होता.

तीन आठवड्यांत संगीताच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. चार व्हायोलिन आली, चारही पूर्ण मापाची. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पाव किंवा अर्ध्या मापाचं व्हायोलिन लागतं. खांद्यावर धरून डावा हात पुढे केला की कोपरात थोडा बाक राहून तळवा टोकाच्या वळणाभोवती बसला पाहिजे. आमच्या मुलांचा हात व्हायोलिनच्या मानेच्या मध्यापर्यंतच पोचत होता. एक गिटार आली, घडणीनं नायलॉनच्या तारांची, पण कुणीतरी तिच्यावर पोलादी तारा चढवलेल्या. पोलादी तारांचा ताण जवळजवळ दुप्पट असतो. त्या ताणानं तारा अडकवायची पट्टी फळीपासून उचलली गेली होती, फटीत पोस्टकार्ड सरकत होतं. पाच कीबोर्ड आले आणि अडॅप्टर दोनच. कुठल्याही अडॅप्टरची पिन बसली म्हणून जोडून चालत नाही. व्होल्टेज वेगळं असतं, शिवाय एखाद्याच्या पिनेचं मधलं टोक धन असतं तर दुसऱ्याचं ऋण. कीबोर्डच्या मागे वर्तुळाचं छोटं चित्र असतं, ते अडॅप्टरवरच्या चित्राशी जुळवून बघायचं आणि मगच बटण दाबायचं. तबल्याशिवाय नुसता डग्गा आला. टाळांच्या तीन जोड्या, घुंगरांची एक पिशवी, दोन स्पीकर आले. जे आलं ते प्रत्येकानं मनापासून दिलेलं होतं, पुसून, फडक्यात गुंडाळून. मला काय हवंय ते मीच सांगितलं नव्हतं.

पुढचे दोन शनिवार निवडण्यात गेले. उद्या वर्गात नेता येईल ते एका बाजूला, दुरुस्त करून वापरता येईल ते दुसरीकडे, आणि आमच्या वयाच्या मुलांचं नाही ते तिसरीकडे. या तिसऱ्या ढिगाचं काय करायचं हे सगळ्यात अवघड होतं. व्हायोलिन मोठ्या मुलांच्या संगीतवर्गाला उपयोगी पडणार हे दिसत होतं, पण दिलेली वस्तू परस्पर दुसऱ्याला देणं मला पटेना. मी एकेकाला फोन केला. एक गृहस्थ म्हणाले, "ताई, वाजेल तिथे द्या. कपाटातच राहायचं असतं तर माझ्याकडेही कपाट होतं." बाकीच्यांनीही होकार दिला. तेव्हापासून वस्तू घेतानाच सांगते, की इथे वापरता आली नाही तर तुम्हाला विचारून पुढे देईन. आधी सांगितलं की कुणी दुखावत नाही.

दुसरं पत्र अगदी नेमकं लिहिलं. पट्ट्या काढता-घालता येतील असे झायलोफोन, म्हणजे लाकडी पट्ट्यांवर काठी मारून वाजवायची वाद्यं. एकाच प्रकारचे रेकॉर्डर, म्हणजे तोंडानं फुंकून वाजवायच्या उभ्या बासऱ्या. लहान हातांना पेलतील असे ढोलके, खंजिऱ्या. वाद्यं ठेवायला मांडणी. आणि पत्राच्या शेवटी, जरा भीत भीत, दुरुस्त्या लिहिल्या: डग्ग्याची एक पुडी, म्हणजे वरचं चामडं, एका पेटीचे सूर लावून घेण्याची मजुरी, गिटारच्या नायलॉन तारांचा एक संच. लोक वस्तू देतात, मजुरी कोण देणार, असं मला वाटत होतं. पण सगळ्यात आधी पूर्ण झाली ती हीच यादी. "शाळेला मदत करा" म्हटलं की माणूस विचार करत बसतो. "डग्ग्याला पुडी हवी आहे" म्हटलं की त्याला आपण नक्की काय देतोय ते डोळ्यांसमोर दिसतं.

मग एका शाळेनं नवीन वाद्यं घेतली आणि जुने नऊ झायलोफोन व मेटालोफोन (तेच वाद्य, धातूच्या पट्ट्यांचं) आम्हाला दिले. माझा वर्ग खरा बदलला तो यांच्यामुळे.

ही वाद्यं मुळातच मुलांसाठी घडवलेली आहेत. 1924 मध्ये म्युनिकमध्ये डोरोथे ग्युन्थर आणि कार्ल ऑर्फ यांनी संगीत, नृत्य आणि व्यायाम एकत्र शिकवणारी शाळा काढली. तिथून ऑर्फ आणि त्यांच्या सहकारी गुनिल्ड केटमान यांची शिकवण्याची पद्धत वाढत गेली. आधी बोलणं, टाळी, पावलं, आणि मग तेच वाद्यावर. या पद्धतीच्या झायलोफोनची प्रत्येक पट्टी हातानं उचलून बाजूला ठेवता येते, आणि सगळी गंमत तिथेच आहे. पांढरी एकला, म्हणजे पेटीवर सप्तकातली पहिली पांढरी पट्टी असते त्या सुराला, सा धरून म आणि नी या दोन पट्ट्या काढून ठेवल्या की उरतात सा रे ग प ध, म्हणजे भूप रागाचे स्वर. अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच उरत नाही. आता दहा मुलांनी दहा ठिकाणी एकदम वाजवलं तरी कानाला टोचत नाही. जिनं आयुष्यात वाद्याला हात लावलेला नाही तिचंही पहिल्या मिनिटाला बरोबर येतं. काही आठवड्यांनी म ची पट्टी परत घालायची आणि मुलांना विचारायचं, काय बदललं? त्यांना नाव सांगता येत नाही, पण ऐकू स्वच्छ येतं.

नऊ वाद्यं, एकेकावर दोघं, म्हणजे अर्धा वर्ग वाजवतो. उरलेला अर्धा गातो नाहीतर ताल धरतो. पंधरा मिनिटांनी अदलाबदल. नऊ आठवड्यांतून एकदा यायचा तो नंबर आता प्रत्येक तासाला येऊ लागला. मला कुणी विचारलं, की देणगीनं काय फरक पडला, तर मी वाद्यांची संख्या सांगत नाही, ही पंधरा मिनिटं सांगते.

मात्र त्या नवातले दोन झायलोफोन आले तेव्हा बोलतच नव्हते. काठी मारली की ठक्क, लाकडावर बोट आपटावं तसं. पट्ट्यांना काही झालं नव्हतं. पट्टीखालचे रबर झिजून गेले होते आणि पट्टी सरळ खोक्याच्या कडेवर टेकत होती. पट्टी वाजताना मध्ये आणि दोन्ही टोकांना जोरात हलते, पण दोन जागा जवळजवळ स्थिर राहतात. पट्टी तिथेच टेकवली तर सूर घुमतो, दुसरीकडे कुठेही टेकवली की दबतो. सारख्या जाडीच्या पट्टीत या जागा टोकापासून लांबीच्या साधारण 22 टक्क्यांवर येतात, म्हणजे 30 सेंटीमीटरच्या पट्टीत दोन्हीकडून 6.7 सेंटीमीटरवर. झायलोफोनची पट्टी खालून पोखरलेली असते, त्यामुळे जागा किंचित सरकते. ती शोधायला मी चौथीच्या मुलांना बसवलं. पट्टी फोमच्या दोन तुकड्यांवर ठेवायची, वर बारीक मीठ भुरभुरायचं आणि मध्यावर हलक्या हातानं काठी मारत राहायची. मिठाचे कण उड्या मारत मारत सरकतात आणि हळूहळू पट्टीवर दोन आडव्या पांढऱ्या रेघा उमटतात. एक मुलगा पेन्सिल घेऊनच बसला होता. रेघ दिसली की खूण, पुढची पट्टी. दोन तास लागले. तिथे रबरी नळीचे तुकडे बसवले आणि त्यानंच पहिली काठी मारली. सूर लांब घुमला. तो काही बोलला नाही, पट्टीवर तळवा ठेवून आवाज थांबवला आणि पुन्हा मारली.

रेकॉर्डरच्या बाबतीत मात्र माझी मोठी चूक झाली. पत्रात "एकाच प्रकारचे" लिहिलं होतं, पण आलेले 38 रेकॉर्डर मी नीट पाहिले नाहीत. कोमट साबणाच्या पाण्यात धुतले, वाळवले, नावाच्या चिठ्ठ्या लावल्या आणि वाटले. तोंडानं वाजवायचं वाद्य दोघांत वाटून घेता येत नाही, ज्याचं त्याला. सुरुवातीचे स्वर छान बसले. मध्यम आला आणि वर्ग दुभंगला. निम्म्या मुलांचा म बरोबर, निम्म्यांचा चढा. बोटं सगळ्यांची सारखी. मी दोन तास त्या मुलांची बोटं दाबून बसवत होते, भोक नीट झाकत नाहीस म्हणत होते. एका मुलीचे डोळे भरून आले, तेव्हा मी तिचा रेकॉर्डर हातात घेतला आणि स्वतः वाजवला. माझाही म चढाच लागला.

रेकॉर्डर दोन पद्धतींचे असतात, बरोक आणि जर्मन. जर्मन पद्धत 1920 च्या दशकात पेटर हार्लान यांनी आणली. शिकणाऱ्याला म सोपा जावा म्हणून भोकांची मापं बदलली, म्हणजे बोटं ओळीनं ठेवली की म लागतो. बरोक रेकॉर्डरवर त्याच म साठी मधलं एक बोट उचलून खालची दोन भोकं झाकावी लागतात. जर्मन पद्धतीत म सोपा झाला खरा, पण पुढचा तीव्र म नीट लागत नाही. म्हणूनच नवीन घेताना बरोक घ्यावेत असं मला वाटतं. ओळखायची खूण सोपी आहे. पुढच्या बाजूची भोकं वरून मोजायची. पाचवं चौथ्यापेक्षा मोठं असेल तर बरोक, लहान असेल तर जर्मन. एवढं आधी मोजलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं. त्या मुलीची मी वर्गासमोर माफी मागितली. तिची बोटं पहिल्यापासून बरोबर होती, हे बाकीच्यांनी ऐकणं गरजेचं होतं. मग एका वर्गाला सगळे बरोक आणि दुसऱ्याला सगळे जर्मन असे गट केले.

तबल्याबद्दल थोडंच सांगते. डग्ग्याला पुडी चढली, दुसऱ्या कुणीतरी तबला दिला, जोडी झाली. ओलसर हवेत तबला उतरतो, मुलांना हातोडी द्यायची नाही, चुंबळीवरून उचलून खाली ठेवायचा नाही, एवढे नियम. एक मुलगा शाई, म्हणजे चामड्यावरचा काळा गोल, नखानं खरवडत होता. त्याला रागावण्याऐवजी तबल्याचा आणि साध्या ढोलक्याचा आवाज एकापाठोपाठ ऐकवला. नुसत्या ताणलेल्या चामड्यातून मूळ सुराबरोबर जे वरचे उपस्वर निघतात ते एकमेकांशी जुळत नाहीत. शाईच्या वजनामुळे ते सुरेल प्रमाणात येतात, आणि 1920 मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी यावर शोधनिबंध लिहिला होता. "म्हणजे हे काळं काढलं तर सूर जाईल?" त्यानं विचारलं. त्यानंतर शाईला नख लागलेलं मी पाहिलं नाही.

आता पेटीबद्दल. दुसऱ्या पत्रानंतर एक बाई वडिलांची पेटी घेऊन आल्या. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. पेटी त्यांनी टेबलावर ठेवली, पण झाकणावरचा हात काढला नाही. "वापराल ना? नुसती ठेवून देणार नाही ना?" मी त्यांना मुलांचे नंबर लावायची वही दाखवली. मग त्यांनी झाकण उघडलं. पट्ट्यांवर कागदाच्या बारीक चिठ्ठ्या होत्या, शाईनं लिहिलेल्या, काही पिवळ्या पडलेल्या. सा रे ग म. त्यांच्या वडिलांना उतारवयात पेटी शिकायची होती, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी लावल्या होत्या. "काढायच्या असतील तर काढा," असं त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

पेटी कारागिराकडे पाठवली. दोन सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या आतल्या पितळी पात्या, बोलत नव्हते, भात्याला एक चीर होती. कारागिरानं मला सूर लावताना बघू दिलं. पितळी सुराचं टोक किंचित खरवडलं की तो चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. एकेका सुरावर तो दोन-तीनदा हात फिरवायचा, वाजवायचा, थांबायचा. मी त्याला मेटालोफोनची एक पट्टी नेऊन दिली होती, तिच्याशी जुळवून द्या म्हणून. जुन्या पेट्या बहुतेक वेळा आजच्या 440 च्या मापाला, म्हणजे सेकंदाला 440 कंपनांच्या आधारसुराला, जुळत नाहीत. ते माप 1939 मध्ये लंडनच्या परिषदेत ठरलं आणि 1975 मध्ये आयएसओ 16 या आंतरराष्ट्रीय मानकात आलं, पण जुन्या पेटीला कोण सांगणार. जुळणी व्हायच्या आधी मी वर्गात दोन्ही एकदम वाजवून मुलांना ऐकवलं होतं. जवळजवळ सारखे दोन सूर एकत्र लागले की आवाज डुलतो, मोठा-बारीक, मोठा-बारीक. सेकंदाला तीनदा डुलला तर दोन्हींत तीन कंपनांचा फरक. मुलांनी बोटांवर मोजलं. पेटी परत आली तेव्हा तोच सूर पुन्हा वाजवला. वर्ग श्वास रोखून डुलण्याची वाट बघत होता, आणि आवाज सरळ राहिला.

चिठ्ठ्या मी काढल्या नाहीत. त्यांच्यामुळे पहिल्याच तासाला गोंधळ झाला. चौथीतल्या एका मुलानं चिठ्ठी बघून सा वाजवला, शेजारी झायलोफोनवर सा वाजला, आणि दोन्ही भांडायला लागले. त्यानं पुन्हा चिठ्ठी बघितली, पुन्हा वाजवला. मग म्हणाला, "बाई, या आजोबांचा सा वेगळा आहे."

वेगळा होताच. चिठ्ठ्यांवरचा सा काळी एकला होता, आजोबांच्या गळ्याची पट्टी ती. आमचे झायलोफोन पांढरी एकपासून. सा ही जागा ठरलेली नाही, गाणारा जिथे ठेवेल तिथे तो असतो, हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहून सांगत होते, आणि मुलं मान डोलवत होती. त्या दिवशी त्यांना ते दोन चिठ्ठ्यांमधल्या अंतरात दिसलं. आम्ही आजोबांच्या चिठ्ठ्या तशाच ठेवून पांढरी एकपासून हिरव्या कागदाच्या नवीन चिठ्ठ्या लावल्या. मुलांनी ओळखीचं गाणं आधी हिरव्यावर वाजवलं, मग पिवळ्यावर. पिवळ्यावर काळ्या पट्ट्या जास्त लागतात, बोटं चुकतात, पण गाणं तेच राहतं. खरं तर मुलांचा गळा याहून वर, काळी चारच्या आसपास मोकळा लागतो. तिसऱ्या रंगाच्या चिठ्ठ्या मी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवल्या आहेत.

त्या बाई नंतर एकदा येऊन गेल्या. आम्ही त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम केला नाही, चालू तासाला मागच्या बाकावर बसवलं. देणाऱ्यांना मी असंच बोलावते. समारंभात पाच मुलं वाजवतात, साध्या तासाला सगळी वाजवतात. सूर चुकतात, काठ्या पडतात, कुणीतरी रुसतं. बाई पूर्ण तास बसल्या. निघताना त्यांनी पेटीतल्या एका चिठ्ठीवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "ही हिरवी कुणी लिहिली? अक्षर छान आहे."

शेवटी, कपाटातल्या वहीबद्दल. वाद्यं यायला लागल्यावर दर सत्राच्या अखेरीला चौथीची मुलं तिसरीच्या मुलांना कपाट सोपवतात आणि प्रत्येक वाद्यापुढे त्याची हालत लिहितात. दुरुस्तीची यादी मी त्यातूनच काढते. भाषा त्यांची, मी शुद्धलेखनसुद्धा सुधारत नाही. यंदा पेटी सोपवणारी मुलगी तीच होती, वर्षापूर्वी फटीत बघत राहिलेली. मधल्या काळात तिनं कारागिरानं बदललेला एक जुना सूर मागून घेतला होता आणि तो कंपासपेटीत ठेवला होता. तिनं वहीत लिहिलं आहे:

"पेटी. काळी दोन कधी कधी अडकते. भाता हळू मारा, थांबवू नका. सा दोन आहेत, पिवळा आणि हिरवा. दोन्ही बरोबर आहेत."